कणसीमा

लोखंड चुंबकीय आहे आणि विजेचे वाहकही आहे. पहिल्या गुणासाठी त्याला तारेच्या वेटोळ्यात बसवतात. दुसरा गुण न बोलावता सोबत येतो. वेटोळ्यातला प्रवाह उलटसुलट होऊ लागला की लोखंडाच्या पोटात गोल फिरणारे प्रवाह उठतात. अभियंते त्यांना एडी करंट म्हणतात. ते कुठे पोचत नाहीत, काही उचलत नाहीत. फक्त तापवतात. माणसाचे गुण एकेक सुटे मोजण्याची रीत आहे. पण ते एकाच देहात राहतात, आणि एकाचे काम चालू असताना दुसरा स्वस्थ बसत नाही.

घरात येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. एवढ्या चालीला ट्रान्सफॉर्मरमध्ये एक साधी युक्ती पुरते. अखंड लोखंडाऐवजी सिलिकॉनयुक्त पोलादाचे पातळ पत्रे घेतात, जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि पत्र्यापत्र्यांमध्ये रोधक लेप ठेवतात. प्रवाहाला फिरायला जागा उरत नाही. पण बाकी सारे तेच राहिले तर ही उष्णता वारंवारतेच्या वर्गाने वाढते. वारंवारता हजारपट झाली की उष्णता दहा लाखपट. पत्रा तितका पातळ करता येत नाही. संथ दिवसांतले शहाणपण वेगाच्या दिवसांत अपुरे पडते. ते खोटे ठरत नाही. त्याची पोच संपलेली असते.

उत्तर भट्टीत भाजलेल्या एका काळ्या, ठिसूळ पदार्थात सापडले. फेराइट. लोखंडाचे ऑक्साइड, आणि सोबत निकेल, मँगनीज किंवा जस्त अशा धातूंचे ऑक्साइड. जर्मनीत हिलपर्ट यांनी १९०९ मध्ये ही वाट दाखवली होती. टोकियोत योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई १९३० मध्ये तिच्यावर पोचले. १९३५ मध्ये त्या कामातून टीडीके ही कंपनी उभी राहिली. मग आइंडहोवनला, फिलिप्सच्या प्रयोगशाळेत, युद्धाच्या आणि परकीय अंमलाच्या वर्षांत, स्नूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पदार्थाला उच्च वारंवारतेच्या कामाला लावले. सगळे काही मोडत असताना काही माणसे भट्टीचे तापमान वहीत लिहीत राहतात. ही उदासीनता नव्हे. उद्या असणार आहे यावरचा तो विश्वास असतो, आणि तो बोलून दाखवण्यासारखा नसतो.

निकेल-जस्त फेराइटची रोधकता लोखंडाच्या कितीतरी पट असते. एकावर बारा शून्ये, अशा हिशेबाने. एडी करंट जवळजवळ थांबतात. याची किंमत मोजावी लागते. लोखंड दोन टेस्लाच्या थोडे पुढे जाईपर्यंत चुंबकन स्वीकारत राहते. फेराइट अर्ध्या टेस्लाच्या आतबाहेरच थांबते. बळ सोडले, तेव्हा वेग झेपला. दोन्ही हवे असणे स्वाभाविक आहे. दोन्ही मिळाल्यासारखे वाटते तेव्हा उष्णता कुठेतरी साठत असते.

जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओचे मागचे झाकण काढले की वरच्या कडेला एक काळी कांडी दिसते. बोटाएवढी जाड, वीतभर किंवा त्याहून आखूड. तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, आणि तार सरकू नये म्हणून कडेला मेणाचा थेंब. मिडियम वेव्हची लहर एक मेगाहर्ट्झला ३०० मीटर लांब असते. ती या वीतभर कांडीत ऐकण्याइतकी पकडली जाते. कांडी हातातून निसटली तर वाकत नाही, तिचे सरळ दोन तुकडे होतात. काही घरांत असे तुकडे चिकटवून वर्षानुवर्षे बातम्या ऐकल्या गेल्या. जोडात बारीक फट राहते, फटीमुळे कांडीचा चुंबकीय प्रतिसाद घटतो, आणि स्टेशन काट्यावरच्या जुन्या जागी लागत नाही, थोडे सरकून लागते. तुटून जुळलेले पूर्वीसारखे नसते, एवढे खरे. मात्र त्याची नवी जागा शोधण्याची तसदी घेणारे कोणी घरात असावे लागते.

फेराइटचे बळ कमी का, याचे उत्तर लुई नेएल यांनी १९४८ मध्ये दिले. या स्फटिकात धातूच्या अणूंसाठी दोन प्रकारच्या जागा असतात. एका एककात पहिल्या प्रकारच्या ८ आणि दुसऱ्या प्रकारच्या १६ भरलेल्या जागा, सभोवती ऑक्सिजनचे ३२ अणू. पहिल्या जागांवरचे अणुचुंबक एका दिशेला तोंड करतात, दुसऱ्या जागांवरचे नेमके विरुद्ध. बाहेर जे जाणवते ते दोहोंतले अंतर. नेएल यांना १९७० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बाहेरून दिसणारी शक्ती ही बहुधा वजाबाकी असते. आत किती शक्ती परस्परांना तोलण्यात गुंतली आहे, हे बाहेरच्या सुईला कळत नाही. अबोल माणसाबद्दल मत बनवताना हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

जस्ताची गोष्ट याहून विलक्षण आहे. जस्ताच्या आयनाला चुंबकत्व नाही. तरीही निकेल फेराइटमध्ये निकेलच्या बदल्यात जस्त घालत गेले की चुंबकत्व, विशेषतः कमी तापमानाला मोजलेले, वाढत जाते. ही वाढ पहिल्यांदा पाहणाऱ्याला मोजणीतली चूक वाटावी अशी आहे. कारण असे, की जस्त पहिल्या प्रकारच्या जागा घेते. तिथले लोहअणू दुसऱ्या बाजूला जातात. विरोधी बाजू दुबळी होते, मूळ बाजू बळावते, आणि अंतर वाढते. जस्ताने स्वतः काही दिले नाही. त्याने एक जागा घेतली, आणि त्या जागेवरचे भांडण मिटले.

प्रत्येक संस्थेत, प्रत्येक मोठ्या कुटुंबात असे एखादे माणूस असते. त्याच्या नावावर काही काम नसते. ते गेल्यावर मात्र सर्वांचे काम कमी होते, आणि कोणाला कारण सापडत नाही. मोजमापाच्या जगात अशा माणसांवर अन्याय होतो, कारण मोजणारा त्यांच्यातच चुंबकत्व शोधतो.

पण जस्ताचीही मर्यादा आहे. निम्म्या जागांच्या सुमारास वाढ थांबते आणि घट सुरू होते. विरोधी बाजू फार विरळ झाली की मूळ बाजूचे अणुचुंबक ताठ उभे राहत नाहीत. ते आपापसांत तिरके होतात. याफेट आणि किटल यांनी १९५२ मध्ये याचा हिशेब मांडला. ज्याच्या विरोधात एकजूट होती तो नाहीसा झाला की एकजूटही कलते. शिवाय जस्त वाढले की उष्णता सोसण्याची ताकद आधीपासूनच घटत आलेली असते. शुद्ध निकेल फेराइट जवळपास ५८५ अंश सेल्सियसपर्यंत चुंबकीय राहते. जस्ताच्या प्रत्येक भरीबरोबर तो आकडा खाली येतो. भांडण मिटवून मिळवलेले बळ थंडीत भरभक्कम असते. ते तापल्यावर कसे वागते, हे वेगळे पाहावे लागते.

हे सारे कुठल्या दूरच्या देशातच घडते असे नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात, महाराष्ट्रातल्या लहान गावांच्या महाविद्यालयांत फेराइटवर अनेक वर्षे काम होत आले आहे. या विषयाला प्रचंड यंत्रे लागत नाहीत. धातूंचे नायट्रेट पाण्यात विरघळवायचे, त्यात सायट्रिक आम्ल घालायचे, अमोनियाने द्रावण उदासीन करायचे आणि शेगडीवर ढवळत राहायचे. पाणी उडून जाते, द्रावण घट्ट होते, त्याचे जेल बनते, बुडबुडे येतात. मग अचानक एका कडेला ठिणगी पडते आणि ती सरकत सरकत सारे जेल पेटवून जाते. भांड्यात उरते ती फुगलेली, हलकी, स्पर्शाने मोडणारी काळपट-तपकिरी राख. ती अगेटच्या खलात घोटायची, साच्यात दाबून गोळी करायची, भट्टीत भाजायची, दोन्ही तोंडांना चांदीचा लेप लावायचा आणि एलसीआर मीटरला जोडायची. जस्ताचे प्रमाण शून्य, मग ०.२, मग ०.४. एका टप्प्याची एक गोळी. सगळ्या गोळ्या एका काडेपेटीत मावतात, आणि त्यांत एखाद्या तरुण आयुष्याची चार-पाच वर्षे असतात.

अशा कामाला पुनरावृत्ती म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ. पदवीसाठी केलेले काम पुष्कळ असते, हेही खरे. तरी पदार्थविज्ञान असल्याच कामाच्या राशीवर उभे आहे. एक टप्पा वगळला तर आलेखाचा बाक कुठे आहे ते कळत नाही. ती ठिणगी सरकताना ज्याने रात्री उशिरा, एकट्याने पाहिली आहे, त्याला हे काम सामान्य म्हणणे जमत नाही. ज्ञानाची भूक आणि कामाची चिकाटी या निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीची स्तुती होते. दुसरी राबते.

भाजलेल्या गोळीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की तो अखंड नसल्याचे दिसते. लहान लहान कण एकमेकांना चिकटलेले, आणि दोन कणांमध्ये एक बारीक सीमा. ही कणसीमा म्हणजेच फेराइटचे मर्म. मँगनीज-जस्त फेराइटचा कण स्वतः बऱ्यापैकी वीज वाहतो, कारण त्यात दोन अवस्थांतले लोह असते आणि इलेक्ट्रॉन एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. असा पदार्थ उच्च वारंवारतेला टिकू नये. तो टिकतो तो सीमेमुळे. मिश्रणात कॅल्शियमचे आणि सिलिकॉनचे ऑक्साइड अत्यल्प घालतात, दशलक्ष भागांत काही शे भाग. भट्टीत ते कणांमध्ये सामावत नाहीत. ते कडेला जाऊन बसतात आणि तिथे विजेला अडवतात. कण चुंबकाला जोडलेले राहतात, विजेला तुटक होतात.

जवळीक म्हणजे सीमा पुसणे, असा एक समज आहे. तो संथ काळात चालून जातो. दगदगीच्या काळात ज्या नात्यांत कसलीच सीमा नसते, त्यांत एकाचा ताप दुसऱ्याच्या अंगात फिरत राहतो. सीमा कशाला अडवते आणि कशाला जाऊ देते, यावर तिची योग्यता ठरते. केवळ अडवणारी सीमा सोपी आहे. ती कोणीही घालतो.

सीमा फसवतेही. कूप्स यांनी १९५१ मध्ये निकेल-जस्त फेराइटवर हे दाखवून दिले. मंद वारंवारतेला पदार्थाचा परावैद्युत स्थिरांक, म्हणजे विद्युत क्षेत्रात ऊर्जा साठवण्याचे माप, अवाढव्य दिसतो, कधी हजारांत, कधी त्याहून कितीतरी जास्त. वारंवारता वाढवत नेली की तो घसरतो आणि शेवटी दहा-पंधराच्या आसपास स्थिरावतो. आधीचा मोठा आकडा पदार्थाच्या अंगचा नव्हताच. विद्युतभार सीमेपाशी येऊन साचत होता, त्याचा तो आकडा. सवड असली की साचण्यालाच समृद्धी म्हटले जाते. प्रसंग वेगाने येऊ लागले की अंगचे तेवढे उरते. ते लहान असते. पण ते मोजणाऱ्याच्या सवडीवर अवलंबून नसते.

पारगम्यता म्हणजे पदार्थाने चुंबकीय क्षेत्राला दिलेला प्रतिसाद. ती जितकी जास्त तितकी चांगली, असे वाटणे साहजिक आहे. स्नूक यांनी १९४८ मध्ये याला एक मर्यादा घातली. पारगम्यता आणि तिची अंतिम वारंवारता यांचा गुणाकार पदार्थाच्या संपृक्त चुंबकनाने बांधलेला असतो. पारगम्यता हजार असेल तर प्रतिसाद काही मेगाहर्ट्झपर्यंत टिकतो. ती दहा असेल तर काही शे मेगाहर्ट्झपर्यंत. मूळ कारण असे, की अणुचुंबक हा फिरत्या भोवऱ्यासारखा आहे. त्याला ढकलले तर तो त्या दिशेला पडत नाही, बाजूला वळून आपल्या मूळ दिशेभोवती घिरट्या घालतो. त्या घिरट्यांचा वेग त्याला जागेवर धरून ठेवणाऱ्या बळावर ठरतो. धरून ठेवणारे बळ सैल, तर प्रतिसाद मोठा आणि चाल संथ. बळ घट्ट, तर चाल जलद आणि प्रतिसाद थोडका.

दुसऱ्याच्या दुःखाने पार हलून जाणारी माणसे असतात. त्यांच्याकडून लगेच मदत होत नाही, म्हणून त्यांना निरुपयोगी ठरवले जाते. लगेच धावून जाणारी माणसे असतात. ती फारशी हलत नाहीत, म्हणून त्यांना कोरडी म्हटले जाते. दोन्ही आरोप एकाच गैरसमजातून येतात. खोली आणि तत्परता एकाच ठेवीतून खर्च होतात, आणि ठेव प्रत्येकाची ठरलेली असते.

स्नूक यांची मर्यादा पुढे ओलांडली गेली. फिलिप्समध्येच, १९५० च्या दशकाच्या मध्यावर, योंकर, वाइन आणि ब्राउन यांनी षट्कोनी स्फटिकाचे असे फेराइट पुढे आणले ज्यांत अणुचुंबकाला एका प्रतलात फिरणे फार सोपे असते आणि त्या प्रतलातून वर उठणे फार कठीण. एका दिशेला सैल, दुसऱ्या दिशेला घट्ट. अशा पदार्थात प्रतिसाद आणि वेग दोन्ही स्नूक यांच्या हिशेबापलीकडे जातात. स्नूक चुकले नव्हते. त्यांच्या हिशेबात सर्व दिशा सारख्या होत्या. सर्वांशी सारखे वागणारा माणूस आदरणीय असतो, पण त्याची पोच मर्यादित राहते. ज्याने कुठे मुळीच वाकायचे नाही हे आधी ठरवले आहे, तो बाकी ठिकाणी मोकळेपणाने वाकू शकतो.

प्रतिसादासोबत व्यय येतो. पारगम्यतेचे दोन भाग लिहितात; एक साठवलेल्या ऊर्जेचा, एक गमावलेल्या. क्रोनिग आणि क्रामर्स यांनी १९२६-२७ च्या सुमारास सिद्ध केले की असे दोन भाग एकमेकांपासून स्वतंत्र असू शकत नाहीत. एक पूर्ण कळला की दुसरा काढता येतो. या नात्याला पदार्थाच्या तपशिलाची गरज नसते; कारणाआधी परिणाम येत नाही, यावर ते उभे आहे. ज्याचा प्रतिसाद वारंवारतेनुसार बदलतो, त्याला कुठे ना कुठे झीज आहेच. न झिजता साथ देणारे कोणी भेटले असे वाटते तेव्हा झीज दुसऱ्याच एखाद्या वारंवारतेला होत असते.

पदार्थाचे मागे रेंगाळणेही सर्वत्र तोट्याचे नसते. चुंबकीय क्षेत्र काढून घेतले तरी चुंबकन मागे उरते, आणि याच रेंगाळण्यावर एकेकाळी संगणकांची स्मृती उभी होती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द. एका बिटाला एक कडी, कडीतून ओवलेल्या तारा. अशी कडी वाचायची तर तिला एका ठरावीक दिशेला उलटवावे लागे. ती उलटली की नाही यावरून आधी काय होते ते कळे, आणि त्याच क्षणी ते पुसले जाई. म्हणून प्रत्येक वाचनानंतर तेच पुन्हा लिहावे लागे. आठवण काढणे म्हणजे ती पुन्हा लिहिणे. लिहिताना हात नेहमी तोच असतो असे नाही.

फेराइटला चुंबकीय क्षेत्र लावले तर त्यातून जाणाऱ्या सूक्ष्मलहरीच्या कंपनाचे प्रतल वळते. ती परत पाठवली तर वळण उलगडत नाही, आणखी वाढते. फॅरडे यांनी १८४५ मध्ये काचेतून जाणाऱ्या प्रकाशात हे पाहिले होते. हॉगन यांनी १९५२ मध्ये फेराइटवर त्याचे उपकरण केले. रडारमध्ये एकाच अँटेनाने पाठवायचे आणि ऐकायचे, तर जाणारा आवाज परतणाऱ्या क्षीण प्रतिध्वनीत मिसळू नये, ही काळजी असेच उपकरण घेते. स्वतःचे बोलणे ऐकण्याच्या वाटेत न येऊ देणे, याला आत एक कायमचे क्षेत्र लागते.

आता वीज हाताळणारे गॅलियम नायट्राइडचे स्विच मेगाहर्ट्झच्या चालीने उघडमीट करतात. चार्जर आक्रसत चालले आहेत. आणखी लहान का होत नाहीत, याचे उत्तर पुष्कळदा आतल्या फेराइटपाशी येऊन थांबते. गाभा किती तापेल यावर बाकी सर्वांची चाल ठरते. हे तापणे आधी सांगण्यासाठी अभियंते अजूनही चार्ल्स स्टाइनमेट्झ यांच्या १८९२ च्या सूत्राची वंशावळच वापरतात. त्यांनी लोखंडावरच्या मोजमापांतून १.६ हा घात बसवला होता. तो तत्त्वातून आलेला नव्हता. फेराइटला घात निराळे लागतात, आणि तेही मोजूनच काढतात. गाभ्याच्या कडीवर तार गुंडाळायची, तापमान धरून ठेवायचे, वारंवारता पायरीपायरीने चढवायची, प्रत्येक पायरीला व्यय टिपायचा. मिश्रण कोणते, भट्टीत थंड होताना प्राणवायू किती, कणसीमेत कॅल्शियम किती, हे प्रत्येक नव्या वारंवारतेसाठी पहिल्यापासून ठरवावे लागते.